धसकटांचा हुडवा

१७ जानेवारी १९२९

वाडीत आज तिसऱ्यांदा तेच बोललो आणि तिसऱ्यांदा तेच ऐकून घेतलं. चावडीपुढे पंधरा-वीस माणसं जमली होती. जमली म्हणजे बसलेलीच होती, मी मध्ये जाऊन उभा राहिलो. खरिपाच्या ज्वारीचं एक धसकट उपटून आणलं होतं, ते सगळ्यांसमोर उभं चिरलं. आत अळी — पांढुरकी, अंगावर ठिपके, डोकं तांबूस, निवांत झोपलेली. म्हटलं, हीच ती. विळ्याने कापणी केलीत, कणसं-कडबा घरी नेलात, आणि हिला बुडख्यात ठेवून आलात. ही आता पावसापर्यंत अशीच पडून राहणार. मग हिचं पाखरू होणार, ते तुमच्या कडवळावर नि मक्यावर अंडी घालणार, आणि गेल्या वर्षासारखे ताटांच्या मधल्या कोवळ्या पानांचे पोंगे वाळणार. धसकटं आत्ताच उपटा आणि शेतातच पेटवून द्या.

कोंडीबा म्हणाला, "सायब, अळीला कोण आवतन देतंय व्हय? ती पावसासंगं येती आन पावसासंगं जाती."

म्हटलं, अरे ती गेलेलीच नाही, तुझ्या पायाखाली झोपलीय! तर तो धोतर सावरून पायाखाली बघायला लागला. सगळे हसले. हा कोंडीबा वाडीतला शहाणा. त्याने एकदा नाही म्हटलं की बाकीच्यांना विचार करायचा त्रास उरत नाही.

शेतकी खात्याचा माणूस म्हणून मोडनिंबला येऊन मला दोन वर्षं झाली. लोक अजून 'किड्याचं सायब' म्हणतात.

२० जानेवारी

रामहरीच्या मळ्यात गेलो होतो. वाडीत माझं थोडं तरी ऐकणारा हा एकच. ओढ्याकाठी विहीर आहे, तिच्यावर दरवर्षी बैलांसाठी कडवळ, म्हणजे हिरव्या चाऱ्याची ज्वारी, करतो. गेल्या पावसाळ्यात याच अळीने, खोडकिड्याने, ते निम्मं खाल्लं. कडबा आधीच संपलेला. मग जोडी अकलूजला बहिणीकडे पाठवावी लागली, उसाच्या वाढ्यावर. दोन महिन्यांनी परत आली ती बरगड्या दाखवत.

जोडी खिल्लार आहे. हौशा आणि गुलब्या. घरच्याच गाईची वासरं, याने हाताने वाढवलेली. बैलांबद्दल बोलताना रामहरी आवाज खाली आणतो, त्यांना ऐकू जाऊ नये तसा.

"औंदा बी कडवळ गेलं, तर इकावी लागत्याली," म्हणाला.

म्हटलं, बहीण आहे की अकलूजला.

"भन न्हाय म्हनायची न्हाय सायब. दाजी म्हनंल."

घरात त्याची आई सोजरबाई आणि बायको मथुरा. सोजरबाई माझं बोलणं दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मग आत निघून गेल्या. पटलं नसावं.

२ फेब्रुवारी

वरच्या साहेबांचा हुकूम आला — एक गाव निवडा आणि तिथली यच्चयावत धसकटं नाहीशी करून दाखवा. 'करून दाखवा' म्हणायला यांचं काय जातं! मी वाडीचं नाव कळवलं. दुसरं कुठलं कळवणार, बाकीच्या गावांत तर कोणी बसायलाही सांगत नाही.

११ फेब्रुवारी

आज नवल घडलं.

सोजरबाईंना माझं बोलणं पटलं नव्हतं हे खरंच, पण त्यांनी ते सोडूनही दिलं नव्हतं. मी गेल्यावर त्यांनी स्वतः रानातून धसकटं आणली आणि विळीवर चिरून पाहिली. चिरावं त्यात अळी. मग ओच्यात पाच-सहा घेऊन पाणवठ्यावर गेल्या आणि बायांना दाखवली. "ही बघा भवानी. हिनं माझ्या बैलांच्या तोंडचा घास काडला." दुसऱ्या दिवसापासून त्या कुदळ घेऊन रानात, त्यांच्या मागून वाडीतल्या आठ-दहा बाया. स्वतःचं रान झालं की शेजारणीचं. कोंडीबाच्या रानातसुद्धा शिरल्या, त्याला विचारलंही नाही!

दोन वर्षं मी पुरुषांशी बोलत होतो. कोणाशी बोलायचं हेच मला कळलं नव्हतं म्हणायचं.

२६ फेब्रुवारी

वाडीचं रान साफ. ओढ्यापासून माळापर्यंत चालत गेलो, धसकट नावाला नाही. बांधाबांधाने ढीग पडले आहेत. म्हटलं, आता आगही लावून टाकू. सोजरबाई म्हणाल्या, "आत्ता नगं सायब. खळी लागल्याती. वारं बी लई हाय. एक ठिनगी उडाली तर वाडीचं वरीसभराचं दानं जातील."

बरोबर होतं. खळ्यांवर शाळू पडलेला असताना रानात जाळ कोण करणार? खळी उरकल्यावर करू म्हणाल्या. मी मान डोलावली.

वर कळवून टाकलं — काम पूर्ण. आज घरी येताना चक्क शीळ घालत होतो. ही म्हणाली, पगार वाढला की काय.

५ मार्च

शीळ घातल्याची शिक्षा मिळाली. साहेब इतके खूश झाले की मला जेऊरकडे दोन-अडीच महिन्यांच्या कामावर धाडताहेत. तिथे नवीन बियाणं वाटायचं आहे. चांगलं काम करावं आणि उन्हाळा जेऊरच्या फलाटावर घालवावा! जाता जाता सोजरबाईंना सांगून आलो — ढिगांचं तेवढं बघा. "बगते की. तुमी निवांत जावा."

१८ मे

परत आलो. पहिला वाडीला गेलो. रानात ढीग नाहीत, धसकटं नाहीत. रामहरीने विहिरीच्या पाण्यावर लवकर कडवळ पेरलं, ते वीतभर आलंय. गर्द. एकही पान खाल्लेलं नाही. हौशा-गुलब्या अंगाने भरलेत. मथुराला दिवस गेलेत, श्रावणात होईल म्हणतात. तिला माहेर उरलेलं नाही, त्यामुळे बाळंतपण इथेच. सोजरबाईंनी ताक दिलं. पेला रिकामा झाला की पुन्हा भरत होत्या.

गोठ्यामागे शेणाने लिंपलेला मोठा हुडवा दिसला, गोवऱ्यांचा रचतात तसा. म्हटलं, शेणकुटं बरीच साठवलीत. त्या नुसत्या हसल्या.

फार दिवसांनी समाधान वाटलं. लिहून ठेवतो, कारण हे फार टिकत नाही.

१९ जून

टिकलं नाही.

रामहरी सकाळीच दारात. हातात कडवळाचे चार पोंगे, चारही वाळलेले. ओढून पाहिला तर सुरळी अलगद हातात आली, बुडाला सडका वास. तोच तो. मला खरं वाटेना. एवढी चार ताटं असतील म्हटलं. तो म्हणाला, "चार न्हाय सायब."

मळ्यात जाऊन पाहिलं. ओढ्याकडच्या बाजूला तुरळक आहे. घराकडच्या बाजूला मात्र ओळीच्या ओळी गेल्यात. वाळलेले पोंगे उपटून अळीसकट जाळून टाकायला सांगितलं. दुसरं काय सांगणार!

२५ जून

गेल्या वर्षीपेक्षा जास्त. गेल्या वर्षी धसकटं रानात होती आणि निम्मं कडवळ गेलं. यंदा रानात एक नाही आणि बारा आणे गेलं! हे कुठलं शास्त्र? पुण्याला शिकलो ते सगळं खोटं होतं की काय?

कोंडीबा वाटेत भेटला. मुद्दाम थांबला. "सायब, धसकटात निजली असती तर बरी की वो. तुमी उपटून तिची झोपमोड केली." बरोबरच्यांनी हसून घेतलं. घरी आल्यावर हिच्यावर ओरडलो, आमटी खारट म्हणून. आमटी खारट नव्हती.

१ जुलै

पाखरं येतात कुठून ते शोधल्याशिवाय आता गप्प बसायचं नाही. हिच्या तीन पराती उचलल्या. परातीत पाणी, पाण्यावर चमचाभर घासलेट, मध्ये दगड, दगडावर कंदील. पाखरू दिव्यावर येतं आणि पाण्यात पडतं. एक परात ओढ्याकाठी, एक कोंडीबाच्या बांधावर, एक रामहरीच्या गोठ्यामागे. संध्याकाळी रामहरी लावणार, सकाळी मी जाऊन बघणार.

ही म्हणाली, "त्या पराती आता मी कणकेला घेणार नाही. घासलेटाच्या भाकरी तुमच्या खात्याला पाठवा."

४ जुलै

तिन्ही सकाळी एकच गोष्ट. ओढ्याकाठी चार-दोन. कोंडीबाच्या बांधावर तेवढीच. गोठ्यामागच्या परातीत पाणी दिसत नाही, एवढी पाखरं. वाळक्या गवताच्या रंगाची, तीच. म्हणजे ती लांबून येत नाहीत. रामहरीच्या परसातूनच उठतात. पण परसात आहे काय? कडबा तर केव्हाच संपला.

५ जुलै

तो हुडवा शेणकुटांचा नाही.

वरचं लिंपण फोडून हात घातला आणि हाताला आली धसकटं! पुरुषभर उंच हुडवा, आत नुसती धसकटं, एकावर एक नीट लावलेली, वरून पाचट टाकून पावसापासून राखलेली. एक चिरलं — कोश रिकामा, पाखरू उडून गेलेलं. दुसरं चिरलं — तेच. तिसऱ्यात अळी, अजून जिवंत. रानात राहिल्या असत्या तर नांगराने, उन्हाने, पक्ष्यांच्या चोचीने निम्म्या अळ्या तरी मेल्या असत्या. इथे त्यांना घर बांधून दिलं होतं, छप्परासकट!

सोजरबाईंना हाक मारली. पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"हे काय?"

"जळान."

"मी जाळायला सांगितलं होतं."

"मग? जाळतोच की. रोज चुलीत काय घालतीया मी?"

रानात का नाही जाळलंत, म्हटलं. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या जणू मी पीठ उकिरड्यावर का टाकलं नाही असं विचारतोय. "चांगलं वाळलेलं जळान रानात जाळायचं? गेल्या साली बैलं अकलूजला, शेन कुटलं? शेनकुटं न्हाईत, लाकूड न्हाय. पावसाळ्यात काय हात घालू चुलीत?"

वाडीभर फिरलो. प्रत्येक घरामागे लहानमोठा हुडवा आहे. सगळ्यांत मोठा सोजरबाईंचा, कारण सगळ्यांत जास्त उपटली त्यांनी. आणि तो रामहरीच्या कडवळाला खेटून. ज्या बाईने माझं सगळ्यांत जास्त ऐकलं, तिच्याच परसातून तिच्याच बैलांचा चारा गेला.

परत येऊन सांगितलं, अजून निम्म्या अळ्या आत आहेत. हा हुडवा आज पेटवा. त्या म्हणाल्या, "आन बाळंतीन? श्रावनात सून मोकळी हुईल. तिला शेक कशाचा देऊ, पानी कशावर तापवू? पोरगं गारठून गेलं मजी?"

आणि मी ओरडलो. भर परसात, माझ्या आईच्या वयाच्या बाईवर. अडाणी म्हणालो. आणखीही काही म्हणालो, ते लिहवत नाही. मथुरा दारात उभी होती, ती आत गेली. सोजरबाई वाकल्या. खाली पडलेलं लिंपण उचलून त्यांनी भोक बुजवलं.

७ जुलै

दोन दिवस वाडीला गेलो नाही. डोकं ठिकाणावर नाही. कधी वाटतं, चूक त्यांची. कधी वाटतं, मी खळ्यांपाशी मान डोलावून शीळ घालत घरी आलो, ढिगांचं काय झालं ते मेमध्येही नीट विचारलं नाही, हुडवा डोळ्यांनी पाहिला आणि शेणकुटं म्हणून मोकळा झालो. दोन्ही खरं आहे आणि दोन्हीचा बैलांना काही उपयोग नाही.

रामहरी आला होता. उंबऱ्याच्या आत येईना.

म्हटलं, तू सांग आईला. विहिरीच्या पलीकडच्या पट्टीत मका पेर. पेरायच्या आत हुडवे गेले तर मका वाचेल, बैल दिवाळीपर्यंत निघतील.

"आई हाय ती सायब. तिला जाळ म्हनून कसं सांगू? आन मका यीस्तवर काय घालू म्होरं?"

ओढ्याकाठचं उरलंसुरलं कडवळ काप, बांधावरचं गवत आण, पण बैल विकायला चार दिवस थांब म्हटलं. "बगतो," म्हणाला. बैल पुन्हा बरगड्या दाखवायला लागलेत, हे त्याने सांगितलं नाही. मला माहीत आहे.

९ जुलै

जेवताना हिला सगळं सांगितलं. ओरडल्याचंसुद्धा. ही ताटात भाकरी वाढत ऐकत होती.

म्हणाली, "तुम्ही त्यांना जाळा जाळा म्हणता. त्याच्या बदल्यात चुलीत घालायला काय देता?"

म्हटलं, खात्यात तशी तरतूद नाही.

"खात्याला कुठं चूल असते? आपल्या पडवीत बाभळीची लाकडं आहेत पावसाळ्याची. निम्मी त्यांना द्या. बाळंतिणीपुरतं तरी होईल. मी भागवीन."

भाकरी तशीच हातात राहिली. सहा महिने मी अळीचं सगळं सांगत फिरतोय — कुठे झोपते, केव्हा उठते, काय खाते. त्या घरात चूल कशावर पेटते हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. राग आला स्वतःचा, आणि थोडा हिचाही, आधी का बोलली नाही म्हणून. तसं म्हणालो. "आधी विचारलंत कुठं," म्हणाली.

१० जुलै

वाडीला जाऊन आलो. सोजरबाईंना म्हटलं, मावशी, चुकलं माझं. लाकडं मी आणून टाकतो, चांगली बाभळीची, आणि मग तुम्ही म्हणाल तेव्हा हुडवा पेटवू. त्या ज्वारी निवडत होत्या. सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाल्या, "आदी लाकडं दिसू द्या." एवढ्यावर मी आनंदाने परत आलो. त्यांनी हुडवा पेटवला म्हणजे बाकीच्या बायाही पेटवतील, हे नक्की. रामहरी घरी नव्हता, गवताला गेला होता.

११ जुलै

रज्जाक गाडीवानाकडे गेलो. मोडनिंबात भाड्याची चांगली गाडी त्याचीच. तर त्याच्या एका बैलाचा खूर सुजलाय. "बाजारपत्तुर थांबा सायेब. लंगड्या बैलावर बाभूळ लादली तर अल्ला बी माफ करायचा न्हाई."

दुसरी गाडी शोधली. एक नांगरटीला गेली आहे, एकाचं चाक मोडलंय. एवढ्या मोठ्या गावात दोन कोस लाकडं न्यायला गाडी मिळू नये!

१३ जुलै

पाऊस. चिखल. गाडी नाही. लाकडं पडवीत, अळ्या हुडव्यात, मी ओसरीवर. डोक्यावर मोळी घेऊन निघालो होतो, ओढ्याला पाणी होतं म्हणून परत आलो. कोणी पाहिलं नसेल तर बरं.

१६ जुलै

रज्जाकला पुन्हा गाठलं. उद्या बाजार, परवा नक्की, म्हणाला. वाडीला कोणाकडून तरी निरोप धाडावा म्हणून तासभर हमरस्त्यावर उभा राहिलो. कोणी वाडीचं भेटलं नाही. जाऊ दे, लाकडं घेऊनच जाऊ. निरोपापेक्षा लाकडं बरी.

१८ जुलै

सकाळी रज्जाक गाडी घेऊन दारात आला. म्हणाला, काल बाजारात नवी जोडी घेतली, बघा तर. मी पडवीतून बाहेर आलो आणि पाहिलं. हौशा आणि गुलब्या. ही लाकडं भरायला मदत करत होती, तिने विचारलं काय झालं. हळूच म्हटलं, रामहरीची जोडी आहे ही. रज्जाकला काही माहीत नव्हतं, त्याला काय बोलणार. गाडी भरली, निघालो. वाडीचा ओढा ओलांडल्यावर रज्जाकने, घर माहीत नसल्याने, चावडीकडे कासरा ओढला, तर बैल ऐकेनात. आपणहून वळले आणि भरल्या गाडीसकट रामहरीच्या गोठ्यापुढे जाऊन उभे राहिले. रामहरी दारात आला, पाहिलं, आणि मळ्याच्या वाटेने निघून गेला. सोजरबाईंनी आधी बैलांना पाणी दाखवलं. मग लाकडं उतरायची वाट न बघता चुलीतलं जळतं कोलीत आणलं आणि हुडवा पेटवला.